एकाच पावसातली दोन शहरं

हातात नोकरीची दोन पत्रं आहेत. एक रेडमंडहून आलेलं, म्हणजे सिअ‍ॅटलच्या बाजूचं. दुसरं हिल्सबरोहून, म्हणजे पोर्टलंडच्या बाजूचं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कामाला जाणाऱ्या मराठी घरांत हा पेच बरेचदा पडतो. मग पगार, घरभाडं, शाळा आणि ‘आपली माणसं किती’ असे चार रकाने आखले जातात आणि आकडे भरले की उत्तर आपोआप मिळेल असं वाटतं. आकडे हवेतच, पुढे आपण ते मांडणारही आहोत. पण या दोन शहरांची तुलना मला एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. निसर्गानं त्यांच्यात फारसा भेद केलेला नाही. तोच पाऊस, तीच डग्लस फरची उंच झाडं, कॅस्केड पर्वतातली तीच ज्वालामुखींची रांग. सिअ‍ॅटलमधून ४,३९२ मीटरचा माउंट रेनियर दिसतो, पोर्टलंडमधून ३,४२९ मीटरचा माउंट हूड. दोन्ही शहरांमधलं आय-५ महामार्गावरचं अंतर २८० किलोमीटरचं, पुण्याहून कोल्हापूरला जाण्यापेक्षा थोडं जास्त. तरीही दोन्हीकडचं रोजचं जगणं वेगळं आहे आणि ते वेगळेपण जवळजवळ सगळं माणसांनी घडवलेलं आहे: मतदान करून, कर लावून, रस्ते बांधून किंवा न बांधून. इथे शहर निवडताना आपण त्या शहरानं गेल्या पन्नास वर्षांत घेतलेले निर्णय पदरात घेत असतो.

आधी पावसाचं बोलू, कारण भारतातून फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. सिअ‍ॅटलला वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पोर्टलंडला त्याहून किंचित कमी. मुंबईच्या चार महिन्यांत याच्या दुपटीहून जास्त पडतो. त्रास पाण्याचा होतच नाही. ऑक्टोबर ते मे हे पाणी वर्षातल्या दीडशेएक दिवसांवर भुरभुरत राहतं आणि आभाळ आठवडाभर उघडत नाही. डिसेंबरात सिअ‍ॅटलला दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळतो. मूल शाळेतून येऊन दूध पिईपर्यंत बाहेर काळोख झालेला असतो. पोर्टलंड थोडं दक्षिणेला असल्यामुळे तिथला सर्वांत लहान दिवस सुमारे पाव तासानं मोठा, एवढाच काय तो फरक. उलट जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ थांबतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सुटीत आलेले आई-वडील ‘इथे पावसाची तक्रार कसली करता’ असं म्हणतात ते या दिवसांत. घर बघायला ऑगस्टमध्ये आलेल्याला या प्रदेशाची खरी ओळख होत नाही.

आता पैसे. वॉशिंग्टन राज्यात सामान्य पगारदाराच्या पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. त्याची भरपाई राज्य प्रामुख्यानं सेल्स टॅक्समधून करतं आणि सिअ‍ॅटलमध्ये तो दहा टक्क्यांच्या वर जातो. ऑरेगनचं बरोबर उलट. तिथे सेल्स टॅक्स अजिबात नाही. शंभर डॉलरचे बूट शंभर डॉलरलाच मिळतात, पावतीवर खाली दुसरी ओळ येत नाही. पण पगारावर राज्याचा कर बसतो आणि मध्यमवर्गीय घराच्या उत्पन्नाचा बराचसा भाग ८.७५ टक्क्यांच्या टप्प्यात येतो, त्याच्या वर ९.९ टक्क्यांचा टप्पा आहे.

नवरा-बायको, दोन मुलं आणि वर्षाला दीड लाख डॉलर पगार असं एक घर धरू. ऑरेगनमध्ये वजावटी जाऊन राज्याचा कर दहा हजार डॉलरच्या आसपास येईल. तेच घर सिअ‍ॅटलला राहिलं तर पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स काहीच द्यावा लागणार नाही. वाणसामान आणि घरभाड्यावर तिथे सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे कपडे, फर्निचर, फोन, हॉटेलातलं जेवण अशा करपात्र खरेदीवर वर्षाला तीस हजार डॉलर गेले, तर कर तीन हजारांच्या थोडा वर जाईल. म्हणजे सिअ‍ॅटलच्या पारड्यात सात हजार पडले. इथे बहुतेकांचा हिशोब थांबतो आणि ‘सिअ‍ॅटलला टॅक्स वाचतो’ हे वाक्य घराघरांत फिरत राहतं.

पण घर घ्यायचं ठरलं की पारडं फिरतं. सिअ‍ॅटलमध्ये साधारण साडेआठ लाखांचं घर आणि पोर्टलंडच्या बाजूला तशाच उपयोगाचं पाच लाख चाळीस हजारांचं घर, असे गोल आकडे घेऊ. दोन्हीकडे वीस टक्के रक्कम आधी भरली, बाकीचं तीस वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं. सिअ‍ॅटलचा हप्ता महिन्याला ४,३०० डॉलर होतो, पोर्टलंडचा २,७३० च्या आसपास. वर्षाला जवळजवळ एकोणीस हजारांचा फरक पडला. वाचलेले सात हजार त्यातून वजा केले तरी पोर्टलंड बारा हजारांनी स्वस्त ठरतं. सिअ‍ॅटलच्या नोकरीत पगार निदान सतरा हजारांनी जास्त असेल, तरच केंद्राचे कर जाऊन हातात बरोबरी होते. प्रत्यक्षात सिअ‍ॅटलच्या मोठ्या कंपन्या याहून बरंच जास्त देतात, शिवाय शेअर देतात, त्यामुळे अनेकांचा हिशोब शेवटी सिअ‍ॅटलच्या बाजूनं लागतो. मात्र त्याच कंपन्यांच्या जवळ, म्हणजे रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमॅमिश या भागात स्वतंत्र घर दहा लाखांच्या बरंच वर जातं. पगारातली वाढ घराच्या किमतीत कशी विरून जाते ते तिथे स्पष्ट दिसतं.

ऑरेगनच्या बाजूला आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. पोर्टलंड महानगराच्या हद्दीत जोडप्याचं करपात्र उत्पन्न साधारण दोन लाखांच्या वर गेलं, की वरच्या रकमेवर बेघरांच्या मदतीसाठी एक टक्का जास्तीचा कर आहे. मुल्टनोमा काउंटीत, म्हणजे मुख्य पोर्टलंड शहरात, बालवाड्यांसाठी आणखी दीड टक्का. हिल्सबरो आणि बीव्हर्टन शेजारच्या काउंटीत असल्यामुळे तिथे हा दुसरा कर लागत नाही. उलट राज्याचा महसूल अंदाजापेक्षा दोन टक्के किंवा त्याहून जास्त आला, की वरची रक्कम करदात्यांना परत द्यावी लागते. ‘किकर’ म्हणतात त्याला. २०२२ सालच्या राज्याच्या करातले सुमारे ४४ टक्के पुढच्या विवरणपत्रात असेच वळते झाले. त्यावर भरवसा ठेवून घराचं अंदाजपत्रक मात्र करू नये.

घरं इतकी महाग का झाली, याचं एक उत्तर नोकऱ्यांत आहे आणि दुसरं जमिनीत. ऑरेगननं १९७३ साली, टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना, प्रत्येक शहरानं आपल्या वाढीची सीमारेषा आखली पाहिजे असा कायदा केला. पोर्टलंडची रेषा १९७९ साली ठरली. रेषेच्या आत वस्ती, बाहेर शेती आणि रान; त्यामुळे घरांसाठी जमीन मोजकीच उरते. पुढे ती थोडी थोडी सरकत गेली, पण मोडली नाही. आज हिल्सबरोजवळच्या नव्या वसाहतींतून फिरायला निघालं, की एका रस्त्यापाशी घरं संपतात आणि पलीकडे लगेच शेतं लागतात. डाउनटाउनपासून अर्ध्या तासाच्या आत सॉव्ही बेटावर मुलांना घेऊन स्ट्रॉबेऱ्या तोडता येतात. ज्यांनी पुण्याच्या चारी बाजूंची शेतं आपल्या डोळ्यांदेखत सिमेंटखाली जाताना पाहिली, त्यांना या साध्या रेषेची किंमत समजावून सांगावी लागत नाही. वॉशिंग्टन राज्यानं असाच कायदा १९९० साली केला, तोवर सिअ‍ॅटलभोवतीचा पसारा बराच वाढून गेला होता.

वाहतुकीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सिअ‍ॅटलमध्ये १९६८ साली शहरी रेल्वेसाठी मतदान झालं. बहुतेक पैसा केंद्र सरकार देणार होतं. निम्म्याहून किंचित जास्त लोकांनी होकार दिला, पण कर्जरोख्यांसाठी साठ टक्के मतं लागत होती. १९७० साली पुन्हा मतदान झालं, तेव्हा तर निम्मी मतंही मिळाली नाहीत. बोइंगची पडझड सुरू झालेली होती. तो केंद्राचा निधी अटलांटाला गेला आणि तिथे मेट्रो उभी राहिली. सिअ‍ॅटलची लाइट रेल धावली ती २००९ साली. चाळीस वर्षं उशीर झाल्यामुळे आता त्याच कामासाठी कितीतरी पट पैसा ओतावा लागतो आहे. २०१६ साली मतदारांनी मंजूर केलेला विस्तार तेव्हाच ५४ अब्ज डॉलरचा होता.

पोर्टलंडनं त्याच काळात उलट पाऊल टाकलं. शहराच्या आग्नेय भागातल्या वस्त्या चिरत जाणारा माउंट हूड फ्रीवे १९७४ साली रद्द झाला आणि त्यासाठीच्या निधीचा मोठा वाटा सार्वजनिक वाहतुकीकडे वळला. नदीकाठचा हार्बर ड्राइव्ह हा महामार्ग तर उखडून टाकला. आज तिथे मॅकॉल यांच्याच नावाची बाग आहे. १९८६ साली मॅक्स ही लाइट रेल सुरू झाली, १९९८ साली ती टेकड्यांखालून बोगद्यानं हिल्सबरोपर्यंत पोहोचली. त्या बोगद्यातलं वॉशिंग्टन पार्क स्टेशन जमिनीखाली ७९ मीटरवर आहे. डाउनटाउनमध्ये एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत अंतर जेमतेम साठ मीटर, त्यामुळे चालणाऱ्याला शहर हाताशी वाटतं. नव्यानं आलेल्या, अजून गाडी न शिकलेल्या जोडीदारासाठी ही सोय लहान नाही. घरात कोंडल्यासारखं होणं हा परदेशातल्या पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा आजार असतो, आणि स्वतःच्या पायांनी वाचनालय, बाजार, बाग गाठता येणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

सिअ‍ॅटलची अडचण भूगोलानंही वाढवली आहे. शहर एका बाजूला प्युजेट साउंडचं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला लेक वॉशिंग्टन यांच्यामध्ये अरुंद पट्टीत वसलं आहे. पूर्वेकडे, म्हणजे बेलव्ह्यू-रेडमंडला जायला तळ्यावर तरंगते पूल आहेत. त्यातल्या ५२० क्रमांकाच्या पुलावर टोल लागतो. घर एका काठावर आणि कचेरी दुसऱ्या काठावर असेल, तर संध्याकाळचा वेळ पुलाच्या हाती जातो. म्हणून सिअ‍ॅटलला घर पाहताना मी तरी आधी दोघांच्या कचेऱ्या तळ्याच्या कोणत्या बाजूला आहेत ते विचारेन आणि मग बाकीचं.

आता मुख्य मुद्दा, नोकरीचा. १९७१ साली सिअ‍ॅटलच्या विमानतळाजवळ एक जाहिरात फलक लागला होता: शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसानं दिवे मालवून जावं. बोइंगमध्ये एक लाखाच्या आसपास असलेली माणसं तोवर चाळीस हजारांच्या खाली आली होती आणि अख्खं शहर एका कंपनीवर टेकलेलं होतं. त्या शहराचं नशीब पालटलं ते १९७९ साली, जेव्हा बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन आपली लहानशी मायक्रोसॉफ्ट न्यू मेक्सिकोतून आपल्या गावाकडे घेऊन आले. १९९४ साली अ‍ॅमेझॉन इथेच सुरू झाली आणि मग या दोघांकडची तयार माणसं मिळावीत म्हणून इतर कंपन्यांनीही इथे कचेऱ्या थाटल्या. आज सिअ‍ॅटल परिसरात सॉफ्टवेअरमधल्या माणसाला एक नोकरी गेली तर घर न बदलता दुसरी शोधता येते. पोर्टलंडच्या बाजूला इंटेल १९७० च्या दशकात आली, तिचं सर्वांत प्रगत संशोधन हिल्सबरोत चालतं, नायकी बीव्हर्टनजवळ आहे. पण चिप बनवणाऱ्या अभियंत्याला इंटेल सोडली तर त्या तोलाचे पर्याय मोजकेच उरतात. २०२५ साली इंटेलनं ऑरेगनमधली सुमारे २,४०० माणसं कमी केली, तेव्हा हे अनेक घरांना फार जवळून कळलं.

भारतीय माणसासाठी यात व्हिसाची गाठ आहे. एच-१बी वर असलेल्याची नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधायला किंवा व्हिसाचा प्रकार बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या दोन महिन्यांत आसपास किती कंपन्या तुमच्या कामाची माणसं घेतात, यावर मुलांची शाळा, गाडीचं कर्ज, घराचा भाडेकरार सगळं टांगलेलं असतं. ग्रीन कार्डचा पहिला टप्पा, लेबर सर्टिफिकेशन, हा तर ठरावीक परिसरातल्या नोकरीसाठीच असतो. पोर्टलंडला सुरू केलेली प्रक्रिया घेऊन सिअ‍ॅटलला गेलं, तर तो टप्पा बहुधा पुन्हा पार करावा लागतो. पुढच्या टप्प्याचा अर्ज, आय-१४०, मंजूर झालेला असेल तर रांगेतली जुनी तारीख टिकते, पण खटाटोप चुकत नाही. भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची असल्यामुळे तीन वर्षांसाठी म्हणून निवडलेलं शहर बारा वर्षांचं होऊन बसतं. म्हणून एकाच्या पगारावर, व्हिसावर आणि ग्रीन कार्डच्या रांगेच्या शेपटाशी असलेल्या कुटुंबाला मी स्पष्ट सांगेन की महाग असलं तरी सिअ‍ॅटल निवडा, घर घ्यायची घाई करू नका, भाड्यानं राहा. भाड्यातला फरक घराच्या किमतीतल्या फरकाइतका मोठा नाही आणि करातले सात हजार तेव्हा खरोखर वाचतात. ज्यांची कागदपत्रं झाली आहेत, दोघंही कमावतात किंवा एकाचं काम घरून चालतं, त्यांनी पोर्टलंड निवडावं असं मला मनापासून वाटतं. हप्त्यातून वाचलेले पैसे आणि रस्त्यावरून वाचलेला वेळ मुलांच्या लहानपणीच कामी येतो.

एक मधला मार्गही आहे. पोर्टलंडसमोर कोलंबिया नदी ओलांडली की व्हँकुव्हर नावाचं गाव लागतं, ते वॉशिंग्टन राज्यात. तिथे राहून वॉशिंग्टनमधल्या मालकाचं काम घरून केलं तर पगारावर राज्याचा कर नाही, आणि पुलापलीकडे ऑरेगनमध्ये खरेदीवर कर नाही. नोकरी मात्र ऑरेगनमध्ये जाऊन केली, तर तिथल्या कमाईवर ऑरेगनचा कर भरावाच लागतो. शिवाय आणलेल्या वस्तूवर वॉशिंग्टनला ‘यूज टॅक्स’ देणं कायद्यानं बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावं. जुना आंतरराज्य पूल १९१७ सालचा, अरुंद, सकाळ-संध्याकाळ तुंबणारा.

याच कोलंबिया नदीच्या मुखाशी ऑरेगनमध्ये अस्टोरिया आहे. १९१३ साली लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर तिथे जमले आणि इंग्रज राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीचा पाया घातला गेला. तिच्या पहिल्या फळीत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसला आणि वॉशिंग्टनमधल्या पुलमनला शेतीशास्त्र शिकलेले. त्याआधी सहाच वर्षं, १९०७ साली, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅममध्ये जमावानं भारतीय मजुरांना मारून गावाबाहेर काढलं होतं. आज सॅमॅमिश किंवा बीव्हर्टनला गणपती बसवताना या माणसांची आठवण निघायला हवी असं मला वाटतं. या भूमीवर आपण पहिले आलेलो नाही.

संकटांच्या बाबतीत दोन्ही शहरं सारखीच उघडी आहेत. किनाऱ्याजवळच्या कॅस्केडिया भ्रंशावर १७०० साली सुमारे नऊ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याच्या लाटा जपानपर्यंत गेल्या आणि तिथल्या नोंदींवरून त्याची तारीख ठरली. असा भूकंप पुन्हा होऊ शकतो. म्हणून जुनं लाकडी घर घेताना ते पायाला बोल्टनं जखडलेलं आहे का हे तपासून घ्यावंच. उन्हाळ्यात वणव्यांचा धूर येतो; सप्टेंबर २०२० मध्ये काही दिवस पोर्टलंडची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट होती. २८ जून २०२१ ला पोर्टलंडचं तापमान ४६.७ अंशांवर गेलं, सिअ‍ॅटलचं ४२.२ वर. एसी नसलेल्या घरांतली म्हातारी माणसं त्या लाटेत दगावली. दक्षिणेच्या पोर्टलंडला उष्णतेचा ताप थोडा जास्त, तेव्हा आई-वडील उन्हाळ्यात येणार असतील तर एसी असलेलंच घर बघावं.

डाउनटाउनबद्दल ऐकीव गोष्टी फार पसरतात. फुटपाथवरचे तंबू आणि नशेचा प्रश्न दोन्हीकडे आहे. ऑरेगननं २०२० साली मतदान करून थोड्या प्रमाणात मादक द्रव्य बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून वगळलं आणि २०२४ साली तो निर्णय मागे घेतला. मधल्या चार वर्षांत पोर्टलंडचा मध्यभाग खरोखरच खचला, दुकानं बंद झाली, लोक शहर सोडून गेले. तिथून ते हळूहळू सावरतं आहे. उपनगरात राहणाऱ्या कुटुंबाच्या रोजच्या दिवसावर याचा परिणाम बातम्यांत दिसतो तितका होत नाही.

मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर कॉलेजचा विचार आत्ताच करावा. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिअ‍ॅटल शहरातच आहे, तिचा कॉम्प्युटर विभाग नामांकित आहे आणि त्यात राज्यातल्या मुलांना झुकतं माप मिळतं. परराज्यातल्या विद्यार्थ्याला तिथे फी सुमारे तिप्पट पडते. ऑरेगनची सर्वांत मोठी दोन सरकारी विद्यापीठं युजीन आणि कॉर्व्हॅलिसला आहेत, चांगली आहेत, पण मूल घरून ये-जा करू शकणार नाही.

निर्णयाआधी एकदा नोव्हेंबरमध्ये येऊन जावं, आणि दोन्हीकडे कामाच्या दिवशी सकाळी आठला घर ते कचेरी हा रस्ता स्वतः गाडी चालवून पाहावा. घराचा नेमका पत्ता हातात आल्याशिवाय शाळेबद्दल काही ठरवू नये. बेथनीसारख्या भागात पाकिटावर ‘पोर्टलंड’ लिहितात, पण तो भाग पोर्टलंड शहराच्या हद्दीबाहेर आहे आणि मुलं जातात बीव्हर्टनच्या शाळांत. बालवाड्यांचा तो जास्तीचा कर तिथे लागत नाही, बेघरांच्या मदतीचा मात्र लागतो.